लोकविश्वास : पक्षीय वादातील एका शब्दाची मीमांसा

१

पक्षनेत्यांवरील लोकांचा विश्वास हा लोकशाहीतील वादांचा एक कायमचा विषय आहे. निवडणूक जिंकलेला पक्ष जनतेने आपल्या नेत्यावर विश्वास टाकल्याचे सांगतो. हरलेला पक्ष तोच निकाल दिशाभुलीचा परिणाम ठरवितो. आणि पुढील निवडणुकीपर्यंत दोघेही एकमेकांवरील लोकांचा विश्वास उडाल्याची ग्वाही देत राहतात. या वादांची मीमांसा सामान्यतः राज्यशास्त्राकडे सोपविली जाते. परंतु त्यांचा काही भाग भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो. उभय पक्ष ‘विश्वास’ हा एकच शब्द वापरीत असले, तरी ते एकाच गोष्टीविषयी बोलत असतातच असे नाही. या शब्दाचे वाक्यातील वर्तन कसे असते आणि त्या वर्तनाचा पक्षीय वादाशी काय संबंध पोचतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

२

‘विश्वास’ हे नाम संस्कृत ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे या धातूस ‘वि’ हा उपसर्ग लागून सिद्ध झाले आहे. ज्याच्या सान्निध्यात मोकळा श्वास घेता येतो, त्याच्याविषयीची निःशंकता हा अर्थ त्यातून सहज निघतो. मराठीत याच अर्थक्षेत्रात भरवसा, इतबार, पत, निष्ठा, श्रद्धा आणि भक्ती हे शब्दही वावरतात. त्यांतील ‘पत’ ही ज्याच्यावर विश्वास ठेवावयाचा त्याच्या ठिकाणी असते. विश्वास मात्र ठेवणाराच्या ठिकाणी असतो. निष्ठा आणि भक्ती यांना कारण द्यावे लागत नाही. किंबहुना कारणे संपल्यावरही टिकते तीच खरी निष्ठा, असे आपण मानतो. विश्वासाचे तसे नाही. तो कशावरून बसला आणि कशामुळे उडाला, हे विचारणे नेहमीच प्रस्तुत ठरते. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

‘विश्वास’ या नामाबरोबर येणारी क्रियापदे पाहिली असता त्यांचे तीन गट पडतात. पहिल्या गटात विश्वास ठेवणे, टाकणे, दाखविणे ही क्रियापदे येतात. येथे विश्वास ठेवणारा हा कर्ता असून क्रिया त्याच्या इच्छेने घडते. दुसऱ्या गटात विश्वास बसणे, वाटणे, ढळणे, उडणे ही येतात. येथे विश्वास हाच कर्तृपदी असतो आणि ज्याचा तो विश्वास, ती व्यक्ती षष्ठीत किंवा चतुर्थीत जाते. क्रिया तिच्या बाबतीत घडते. ती ती करीत नाही. हा फरक आज्ञार्थाने सहज तपासता येतो. ‘माझ्यावर विश्वास ठेव’ असे म्हणता येते. परंतु ‘विश्वास बसणे’ याची तशी आज्ञा होऊ शकत नाही. त्याचप्रमाणे ‘मी मुद्दाम विश्वास ठेवला’ हे वाक्य चालते, ‘माझा मुद्दाम विश्वास बसला’ हे चालत नाही. तिसऱ्या गटात विश्वास संपादन करणे, विश्वासात घेणे, विश्वासघात करणे हे प्रयोग येतात. यांत कर्तृत्व नेत्याकडे जाते आणि लोक हे त्या क्रियेचे विषय बनतात.

निवडणुकीनंतरची भाषणे या दृष्टीने ऐकण्यासारखी असतात. स्वतःच्या विजयाचे वर्णन बहुधा पहिल्या गटातील क्रियापदांनी होते. ‘जनतेने विश्वास टाकला’ या वाक्यात जनता ही विचार करून कृती करणारी ठरते. प्रतिपक्षाच्या पराभवासाठी दुसरा गट योजिला जातो. ‘जनतेचा विश्वास उडाला’ म्हटले की तो जणू निसर्गनियमाने उडाला, कोणी तो उडविण्याचा प्रयत्न केला नाही, असे सूचित होते. स्वतःच्या पराभवासाठी तिसरा गट उपयोगी पडतो. ‘लोकांना विश्वासात घेण्यात आम्ही कमी पडलो’ या कबुलीत नम्रता असते. परंतु निर्णय चुकला होता असे तिच्यात कोठेही म्हटलेले नसते. अशा रीतीने एकाच घटनेतील कर्तृत्व क्रियापदाच्या निवडीने हवे तेथे ठेविता येते.

३

याहून महत्त्वाची बाब विश्वासाच्या आकांक्षेची, म्हणजे अर्थ पूर्ण होण्यासाठी त्याला लागणाऱ्या पदांची आहे. रसेल हार्डिन या राज्यशास्त्रज्ञाने २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विश्वास हा त्रिपदी संबंध असल्याचे प्रतिपादिले आहे. अमुक व्यक्ती तमुक व्यक्तीवर अमक्या बाबतीत विश्वास ठेवते, असे त्याचे पूर्ण रूप. वैद्यावर औषधाच्या बाबतीत विश्वास असतो, घराच्या सौद्याच्या बाबतीत असेलच असे नाही. मराठी वाक्यरचनेत पहिले पद षष्ठीने किंवा कर्त्याने आणि दुसरे ‘-वर’ या शब्दयोगी अव्ययाने व्यक्त होते. तिसऱ्या पदासाठी ‘-च्या बाबतीत’ किंवा ‘-विषयी’ अशी योजना उपलब्ध आहे; परंतु ते उच्चारले नाही, तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्णच राहते. ‘लोकांचा नेत्यावर विश्वास आहे’ या वाक्यात कसलीही उणीव जाणवत नाही. पक्षीय वादाला वाव मिळतो तो याच रिकाम्या जागेत. न उच्चारलेले पद प्रत्येक पक्ष आपल्या सोयीने भरून घेतो. शिवाय ‘लोक’ हे समूहवाचक पद किती जणांना व्यापते, हेही अनिश्चितच राहते.

४

महाराष्ट्राच्या इतिहासात याचे एक उत्तम उदाहरण आहे. राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विदर्भ वेगळा ठेवून गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्याची शिफारस होती. पुढील महिन्यात काँग्रेसच्या कार्यकारिणीने महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर अशा तीन राज्यांची योजना पुढे केली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत निदर्शकांवर गोळीबार झाला. या पार्श्वभूमीवर १ डिसेंबर १९५५ रोजी फलटण येथे यशवंतराव चव्हाण यांनी दोन भूमिका जाहीर केल्या. संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे नेते शंकरराव देव यांच्या नेतृत्वावर आपला विश्वास राहिलेला नाही, ही पहिली. आणि संयुक्त महाराष्ट्र व पंडित नेहरू यांत निवड करण्याची वेळ आल्यास आपण नेहरूंची निवड करू, ही दुसरी.

दुसरी भूमिका पुढे लोकांच्या तोंडी राहिली ती ‘महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे’ अशा आटोपशीर रूपात. या दोन रूपांत अर्थाचे अंतर आहे. पहिल्यात संकेतार्थ आहे : तशी वेळ आल्यास. शिवाय त्यात निवड आहे, आणि निवड ही निवडणाराची कृती असल्याने तिची कारणे विचारता येतात. दुसऱ्यात ‘-पेक्षा’ने साधलेली तुलना आहे. तीत अट नाही, निवडणाराही नाही; एका व्यक्तीचे मोठेपण वस्तुस्थितीप्रमाणे मांडले आहे. विश्वासाच्या वाक्याचे निष्ठेच्या वाक्यात कसे रूपांतर होते, हे यावरून ध्यानात येते.

या वादात दोन्ही बाजूंनी रिकामी पदे निरनिराळ्या रीतीने भरली. चव्हाणांच्या समर्थकांच्या दृष्टीने नेहरू म्हणजे राष्ट्रीय ऐक्य आणि पक्षाची शिस्त. महाराष्ट्राचा प्रश्न सुटावयाचा तर तो दिल्लीचा विश्वास राखूनच सुटेल, ही त्यांची श्रद्धा. विरोधकांच्या दृष्टीने प्रश्न मुंबईचा होता. ज्या नेतृत्वाने त्या एका बाबतीत मराठी जनतेला विश्वासात घेतले नाही, त्याच्यावर त्याच बाबतीत विश्वास ठेवा असे सांगणे हा त्यांना विश्वासघात वाटला. म्हणजे एक पक्ष सर्वसाधारण विश्वासाविषयी बोलत होता आणि दुसरा एका विशिष्ट बाबतीतील अविश्वासाविषयी. स्वातंत्र्यलढ्यातील नेता म्हणून नेहरूंविषयी आदर बाळगणारा मनुष्य मुंबईच्या बाबतीत त्यांच्यावर अविश्वास दाखवू शकत होता, आणि त्यात विसंगती नव्हती. परंतु वादाच्या भरात ही शक्यता दोन्ही बाजूंना दिसेनाशी झाली.

५

अशा वेळी मतपेटीच निर्णय देईल, असे सामान्यतः मानले जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने मोठे यश मिळविले आणि खुद्द चव्हाण कऱ्हाडहून थोड्या मताधिक्याने निवडून आले. परंतु विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात यांच्या बळावर काँग्रेसचे बहुमत टिकले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसला विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या.

या आकड्यांचेही दोन अर्थ लावले गेले. काँग्रेसच्या मते चव्हाणांनी दाखविलेला विश्वास सार्थ ठरला आणि म्हणून लोकांनी त्यांच्यावर विश्वास टाकला. समितीच्या बाजूने पाहिले असता राज्य मिळाले ते लोकांच्या दडपणामुळे. मागणी पुरी झाल्यावर तिच्यासाठी एकत्र आलेली मते पांगली, इतकेच. यांपैकी कोणता अर्थ खरा, हे केवळ जागांवरून ठरत नाही. १९६२ मध्ये पाचांपैकी चार जागा जिंकणाऱ्या पक्षाला मते मात्र निम्म्याच्या आसपासच होती. त्याखेरीज मत हे उपलब्ध पर्यायांतून केलेली निवड असते. अविश्वास असूनही, दुसरा त्याहून कमी विश्वसनीय वाटल्यास, मत देता येते. निवड आणि विश्वास या दोन क्रिया भाषेने वेगळ्या ठेविल्या आहेत. निकालाचे भाष्यकार त्या एक करतात.

सभागृहातील विश्वासाचीही हीच गोष्ट आहे. लोकसभेत अविश्वासाचा पहिला ठराव १९६३ च्या ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानी यांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाविरुद्ध मांडला. त्याच्या बाजूने ६२ आणि विरुद्ध ३४७ मते पडली. कृपलानी स्वतः त्याच वर्षी अमरोहा येथील पोटनिवडणुकीत काँग्रेसविरुद्ध निवडून आले होते. तेव्हा सभागृहाचा विश्वास आणि मतदारांचा कल यांत अंतर असू शकते, हे त्याच वेळी दिसत होते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर तर पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्वच धोक्यात येते. ज्या क्रियेची आज्ञा देता येते आणि ती मोडल्यास शिक्षा होते, तिला विश्वास ‘बसणे’ म्हणता येणार नाही. ‘विश्वासदर्शक ठराव’ या नावातील ‘दर्शक’ हे पद म्हणूनच लक्षणीय आहे. तेथे विश्वास दाखविला जातो. तो आहे की नाही, हा वेगळा प्रश्न.

६

मग लोकांनाच सरळ विचारावे, असा मार्ग सुचतो. अमेरिकेत १९५८ पासून तो अवलंबिला गेला आहे. वॉशिंग्टनचे सरकार योग्य तेच करील असा विश्वास किती वेळा वाटतो, हा प्रश्न तेथील राष्ट्रीय पाहणीत विचारण्यात आला. तेव्हा सुमारे तीनचतुर्थांश लोकांनी ‘नेहमी’ किंवा ‘बहुतेक वेळा’ असे उत्तर दिले. व्हिएतनामचे युद्ध आणि वॉटरगेट प्रकरण यांच्यानंतर हे प्रमाण निम्म्याच्याही बरेच खाली गेले. याचा अर्थ काय, यावर १९७४ साली आर्थर मिलर आणि जॅक सिट्रिन या दोन अभ्यासकांत प्रसिद्ध वाद झाला. मिलर यांना त्यात शासनव्यवस्थेविषयीचा खोल असंतोष दिसला. सिट्रिन यांच्या मते लोकांचा रोष बव्हंशी तत्कालीन सत्ताधाऱ्यांवर होता. पुढील पाहण्यांत असेही दिसून आले, की राष्ट्राध्यक्ष आपल्या पक्षाचा असला म्हणजे या प्रश्नाचे उत्तर अधिक अनुकूल येते. थोडक्यात, प्रश्नातील ‘सरकार’ या पदाने प्रत्येकाच्या मनात निराळी वस्तू उभी राहत होती. दुसरे पद सैल राहिले, की आकडा अचूक असूनही अर्थ संदिग्ध राहतो, हा त्या वादाचा भाषिक निष्कर्ष होय.

७

वरील विवेचनावरून लोकविश्वासाविषयीच्या कोणत्याही विधानास चार प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. कोणाचा विश्वास? कोणावर : व्यक्तीवर, पक्षावर की पदावर? कशाच्या बाबतीत? आणि हे कशावरून कळले : मतांवरून, ठरावावरून, पाहणीवरून की वक्त्याच्या इच्छेवरून? या चार प्रश्नांनी पक्षीय वाद मिटणार नाहीत, आणि ते मिटावेत अशी अपेक्षाही नाही. परंतु खरा मतभेद कोणता आणि केवळ शब्दाच्या संदिग्धतेतून उद्भवलेला कोणता, हे वेगळे करता येईल.

यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘कशाच्या बाबतीत’ हे पद गळाले की विश्वासाची मर्यादा नाहीशी होते. मर्यादा गेली की तो परत घेण्याचा प्रसंगही कल्पिता येत नाही. असा विश्वास म्हणजे नावापुरता विश्वास. वस्तुतः ती निष्ठा किंवा भक्ती असते. मग एखाद्या निर्णयाविषयी शंका विचारणारा नागरिक शंकेखोर न ठरता द्रोही ठरतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हाच धोका दाखविला होता. धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, परंतु राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या इशाऱ्याचा आशय होता. त्यांनी ‘विश्वास’ नव्हे, तर ‘भक्ती’ त्याज्य ठरविली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लोकशाहीला विश्वासावाचून चालत नाही. परंतु तो बाबवार ठेविलेला, कारणे विचारू देणारा आणि परत घेता येणारा असला पाहिजे.