भोपाळचे शरद जोशी

हे आपले शेतकरी संघटनेवाले नव्हेत! हे हिंदी व्यंगकार. जन्म उज्जैनचा, १९३१ सालचा. भोपाळात त्यांनी सरकारी नोकरी केली आणि पुढे ती सोडून लेखणीवर पोट भरलं. कविसंमेलनात कवींच्या रांगेत बसून हा गृहस्थ चक्क गद्य वाचायचा, आणि भाव खाऊन जायचा. १९८४ मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका त्यांनीच लिहिलेली. त्यात शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी घरातले. सतीश शाह मात्र दर भागात नवं सोंग घेऊन दारात हजर. माणूस दरवेळी वेगळा, तीस वर्षांच्या अनुभवाची फुशारकी तीच. जोशी १९९१ मध्ये गेले.