सुशिक्षित पोरांच्या हाताला काम : चौघांनी मिळून उचलायचा भार



गळीत हंगाम जवळ आला की गट ऑफिसात उसाच्या नोंदीच्या कागदाबरोबर आणखी एक कागद येतो. तो असतो नोकरीचा अर्ज. "साहेब, लेकरू बारावी झालंय, आयटीआय केलंय, कारखान्यात कुठंतरी चिकटवा," असे सांगणारे सभासद आम्हाला रोज भेटतात. चाकूरच्या बाजारात भेटतात, नळेगावच्या रस्त्यावर भेटतात, लग्नाच्या मांडवातही भेटतात. त्यांचे काही चुकत नाही. कारखाना सभासदांचा, मग लेकरू बेकार का, हा प्रश्न कोणीही विचारील.

पण खरे ते सांगितले पाहिजे. कारखान्याच्या जागा ठरलेल्या असतात. त्यातल्या पुष्कळ जागा हंगामी असतात, म्हणजे बॉयलर पेटला की काम आणि पट्टा पडला की घर. जितके अर्ज येतात तितक्या खुर्च्या कोणत्याही कारखान्यात नाहीत. मात्र कारखान्याच्या भोवती, म्हणजे तुमच्या-आमच्या वावरात, काम पडून आहे. चांगले बेणे वेळेवर मिळत नाही, ठिबकची नळी फुटली तर जोडणारा मिळत नाही, ट्रॅक्टर बंद पडला तर मिस्त्रीची वाट पाहण्यात दिवस जातो. एकीकडे कामाला माणूस नाही आणि दुसरीकडे पारावर बसलेल्या पोराला काम नाही. या दोन टोकांची गाठ कशी घालावी, तेवढ्यापुरताच हा लेख आहे.

हा प्रश्न जुनाच

मराठवाड्याला हे दुखणे नवे नाही. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे दुष्काळी कामावर गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागेल त्याला काम, हे तत्त्व महाराष्ट्राने आधी कायद्यात आणले. केंद्राचा कायदा २००५ साली झाला. पण रोजगार हमीचे काम म्हणजे माती-खडीचे काम. शिकलेल्या पोराचे समाधान त्याने होणारे नव्हते. १९७४ साली मराठवाड्यातले विद्यार्थी विकासासाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत नोकऱ्यांचा प्रश्न होताच. आज त्यातले पुष्कळजण आजोबा झाले असतील. प्रश्न नातवांपर्यंत येऊन ठेपला आहे.

उजिरेचा धडा

या बाबतीत शेजारच्या कर्नाटकाकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्या राज्याच्या पार दक्षिणेला, दक्षिण कन्नड जिल्ह्यात, धर्मस्थळाजवळ उजिरे नावाचे गाव आहे. १९८२ साली, म्हणजे आपला लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला त्याच वर्षी, तेथे धर्मस्थळ संस्थान, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक या तिघांनी मिळून ग्रामीण बेकार तरुणांसाठी एक प्रशिक्षण संस्था काढली. जागा एकाची, पैसा दुसऱ्याचा, शिकवणारे तिसरीकडचे, असा मेळ घातला. शिकणाऱ्याकडून फी घ्यायची नाही, राहणे-जेवण तेथेच.

धडा पुढेच आहे. कोर्स थोड्या आठवड्यांचा, पण शिकून गेलेल्याच्या मागे संस्था दोन वर्षे राही. धंदा सुरू झाला का, बँकेने कर्ज दिले का, गिऱ्हाईक मिळते का, याची विचारपूस होई. सर्टिफिकेट हातात दिले आणि मोकळे झालो, असे नाही. याच नमुन्यावर केंद्र सरकारने पुढे जिल्ह्याजिल्ह्यात बँकांमार्फत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था काढायला लावल्या. त्यांनाच 'आरसेटी' म्हणतात. आपल्या लातूर जिल्ह्यातही ती आहे.

आपल्या राज्यातही एक दाखला आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्री. शं. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे शाळेत न रमलेली पोरेसुद्धा वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती अशी कामे हाताने करत शिकतात. गावाला ज्या वस्तूची आणि सेवेची गरज आहे तीच करायची, आणि करता करता शिकायचे, ही तेथली रीत.

दोन्हीकडचे सार एकच. शिकवणारे पुष्कळ मिळतात. शिकलेल्याला पहिले काम कोण देणार, हा खरा प्रश्न आहे.

आपले चौघे कोण ?

पहिला आपला कारखाना. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेने कामगारसंख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असा नियम आहे. बंद हंगामात मिल, बॉयलर, पंप यांची दुरुस्ती निघते, तेव्हा फिटर आणि वेल्डरला शिकायला याहून चांगली शाळा नाही. उमेदवारी म्हणजे कायम नोकरी नव्हे, हे मात्र पोराने व बापाने आधीच समजून घ्यावे.

दुसरी चाकूरची शासकीय आयटीआय. तेथली पोरे हत्यार धरायला शिकतात, पण प्रत्यक्ष शेतातले यंत्र त्यांच्या हाताखालून गेले पाहिजे.

तिसरी बँक आणि आरसेटी. २०१९ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अर्जदाराचा वर्ग आणि ठिकाण पाहून १५ ते ३५ टक्के अनुदान ठरवले आहे. दुरुस्तीचे वर्कशॉप काढणाऱ्याने जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी. कोणते काम योजनेत बसते, कोणते नाही, हे आधी विचारून घ्यावे. अनुदान लगेच खिशात पडत नाही आणि कर्ज फेडावे लागते, हे विसरू नये.

चौथे तुम्ही. म्हणजे गावची सोसायटी आणि सभासद. आमच्या मते चौघांत हाच मोठा भागीदार, कारण कामाची ऑर्डर त्याच्या हातात आहे.

रोपवाटिकेचा हिशेब

उदाहरणादाखल ऊस रोपांचेच काम घेऊ. पाच फुटांची सरी आणि दोन रोपांत दोन फूट अंतर धरले तर एकराला ४,३५६ रोपे लागतात. मर धरून पाच हजार डोळे पुरतात. दोन डोळ्यांची टिपरी लावली तर एकरी दहा हजार टिपरी, म्हणजे वीस हजार डोळे जमिनीत जातात. रोपाला बेणे चौथा हिस्सा लागते, आणि वाचलेला ऊस गाळपाला जातो.

आता पोराची बाजू पाहू. दोन गुंठ्यांच्या शेडनेटमध्ये वाटा सोडून हजारभर ट्रे बसतात. ४२ कप्प्यांचा ट्रे धरला तर ४२ हजार डोळे. दहा टक्के वगळा, राहतात सुमारे ३८ हजार रोपे. साधारण महिनाभरात रोप लागणीला येते. एका खेपेत आठ-नऊ एकरांची सोय झाली. गावातल्या शंभर एकर नव्या लागणीला चार पोरांनी प्रत्येकी तीन खेपा काढल्या की झाले. हे काम मुलींना आणि बचत गटातल्या बायांनाही जमणारे आहे. डोळे काढणे, बेणेप्रक्रिया, ट्रे भरणे यात ताकदीपेक्षा निगा महत्त्वाची. बेणे मात्र नऊ ते अकरा महिन्यांचे, निरोगी मळ्यातलेच पाहिजे. काणी व गवताळ वाढीचा ऊस एकदा रोपवाटिकेत शिरला की दहा वावरांत पसरतो. ती तपासणी शेतकी खात्याकडे राहील.

यात एक धोका आहे. रोप थांबत नाही. महिन्याचे रोप दोन महिन्यांचे झाले की मुळ्या गुंडाळतात, मग ते कोणी फुकट नेत नाही. "पुढच्या आठवड्यात नेतो, पुढच्या आठवड्यात नेतो," म्हणत नोंदणी केलेल्यांनी पाठ फिरवली आणि पोराचे भांडवल ट्रेमध्येच वाळून गेले, असे आमच्या पाहण्यात आहे. कर्ज पोराच्या नावावर राहिले. त्या घरात पुन्हा कोणी धंद्याचे नाव काढत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, आधी नोंदणी आणि विसार, मग शेडनेट.

यंत्र आणि ठिबक

दुसरे काम तोडणी यंत्राचे. तोडणी मजूर दरसाल कमी पडतात. २०२३ साली राज्यात ऊस तोडणी यंत्राला किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यांपैकी कमी असेल ते अनुदान जाहीर झाले होते. आज ना उद्या यंत्रे वाढणार. ती चालवणारा आणि दुरुस्त करणारा बाहेरून आणायचा, की आपल्या आयटीआयमधून घडवायचा ? पाच फुटांची सरी यंत्राला लागतेच, म्हणजे रोपाची लागण आणि यंत्र यांचा मेळही बसतो.

तिसरे ठिबक. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते कोणी विसरलेले नाही. आपल्या भागात ऊस टिकायचा तर पाणी मोजूनच द्यावे लागेल. संच बसवणे, फिल्टर धुणे, खत सोडणे, गळती काढणे, याला गावोगावी एक जाणता हात हवा. ऊस कमी झाला तरी हे काम सोयाबीन-तुरीच्या शिवारात, फळबागेत चालते. पोराचे पोट एकट्या उसावर ठेवू नये.

अशी दहा पोरे जमली तर त्यांनी सहकारी संस्थाही करावी. १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतल्या निदान दहा जणांना संस्था नोंदवता येते. आपला कारखाना उभा राहिला तो असाच, थेंबे थेंबे शेअर गोळा करून.

सभासदांना विनंती

एक, पुढच्या लागणीला किती एकर रोपे लागतील ते गट ऑफिसला आताच सांगा, आणि सांगितले ते पाळा. दोन, गावच्या पोराने केलेल्या कामाचे पैसे त्याच आठवड्यात द्या. बाहेरच्या मिस्त्रीला रोख आणि आपल्या पोराला "घरचाच आहेस की," हे बरे नव्हे. तीन, काम शिकायची तयारी असलेल्या मुलामुलींची नावे, शिक्षण व आवड लिहून चिटबॉयजवळ द्या. आयटीआय, आरसेटी आणि बँकेकडे ती यादी आम्ही घेऊन जाऊ.

अर्ज जरूर द्या. आम्ही तो साहेबांपुढे ठेवू. पण त्या अर्जाच्या मागच्या बाजूला तुमच्या लागणीचे एकर लिहून आणा. कोणाच्या तरी लेकराला पहिले काम त्या आकड्यातूनच मिळणार आहे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते