फर्मा, ओतकामातील
फर्मा : वितळलेल्या धातूचा रस ज्या पोकळीत ओततात, ती पोकळी वाळूत उठविण्यासाठी वापरावयाचा नमुना. कारखान्यात यास ‘पॅटर्न’ म्हणतात. मोजकेच नग हवे असतील, तर लाकडी फर्मा सर्वांत सोयीचा ठरतो. बेळगाव येथे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला व १९१० पासून किर्लोस्करवाडीस ओतकाम वाढले. अशा अवजारांचे सुटे भाग एकसारखे निघणे फर्म्यावरच अवलंबून असते.

फर्मा ही हव्या त्या भागाची हुबेहूब प्रतिकृती नसते. रस थिजून थंड होताना आकसतो, म्हणून फर्मा तितका मोठा ठेवावा लागतो. हे आकुंचन करड्या बिडात सुमारे १ टक्का, ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूंत सुमारे १·३, पितळेत १·५, तर पोलादात २ टक्के असते. सुतार त्यासाठी मुद्दाम लांब आखलेली आकुंचन-पट्टी वापरतो.

याकडे दुर्लक्ष झाल्याने होणारे नुकसान सोलापूरसारख्या गावी सहज ध्यानात येते. तेथे पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये निघाली. मोठ्या गिरण्या पुढे बंद पडल्या, तरी चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमाग चालू राहिले. जुन्या मागाचे दातेरी चाक तुटले आणि तसा भाग बाजारात मिळत नसला, म्हणजे तुटके चाकच सांधून वाळूत दाबण्याचा मोह होतो. ४० दात्यांच्या, २०० मिमी. अंतराल-व्यासाच्या चाकापासून असा साचा घेतल्यास नवे चाक सुमारे १९८ मिमी. भरते, मूळ चाकाची झीज त्यात आणखी उतरते ती वेगळीच. दोन दंडांमधील अंतर मात्र कायम असल्याने दाते नीट गुंतत नाहीत, धक्के बसतात आणि जोडीचे चांगले चाकही झिजते. म्हणून मोडक्या भागाची मापे घ्यावीत, दाते मोजून मूळ व्यास गणिताने काढावा आणि फर्मा नव्याने २०२ मिमी. व्यासावर आखावा. हा एका दिवसाचा जादा खटाटोप वाया जात नाही.

फर्मा वाळू न ढासळता वर निघावा म्हणून उभ्या बाजूंना १ ते २ अंशांचा उतार देतात. आतील बाजूंना तो अधिक लागतो. कातावयाच्या पृष्ठांवर लहान बिडाच्या भागात सुमारे ३ मिमी. जाडी जादा ठेवतात. आतील कोपरे मेण किंवा चामड्याची पट्टी बसवून गोलसर करतात; तीक्ष्ण कोपऱ्याशी ओतीव भागास चीर पडते. आसाच्या भोकासाठी वाळूचा गाभा बसवावयाचा असल्यास तो टेकण्यापुरते उंचवटे फर्म्यावर ठेवतात. फर्मा काढण्यापूर्वी ठोकून सैल करतात, तेव्हा पोकळी किंचित वाढते. फार लहान भागांत एवढ्यानेच आकुंचन भरून निघू शकते.

लाकूड पुरते वाळलेले, सरळ धाग्याचे असावे, सागवान उत्तम. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते, म्हणून चाकाचा काठ एका फळीतून न कापता खंड जोडून, थरांचे सांधे एकमेकांवर येऊ न देता चिकटवितात. ओलसर वाळूपासून बचाव म्हणून लाखेच्या रोगणाचे अनेक हात देतात. एका प्रचलित पद्धतीत न कातावयाचे पृष्ठ काळे, कातावयाचे तांबडे व गाभ्याचे टेकू पिवळे रंगवितात.

पुष्कळ नग हवे असल्यास लाकडी फर्म्यावरून ॲल्युमिनियमाचा फर्मा ओततात. तेव्हा मूळ लाकडी फर्म्यात दोन्ही धातूंचे आकुंचन, बिडासाठी एकूण सुमारे २·३ टक्के, धरावे लागते. संगणकावर आखून छापलेल्या प्लॅस्टिकच्या फर्म्यासही हाच हिशेब लागू पडतो.