डोळे म्हणतात ‘हललो’, कान म्हणतात ‘नाही!’

‘अड्रिफ्ट’ हा संगणकावरचा खेळ २८ मार्च २०१६ रोजी बाजारात आला. त्याच दिवशी ‘ऑक्युलस रिफ्ट’ हा डोळ्यांवर बांधायचा पडदाही विक्रीला आला. तो बांधला की समोरची खोली दिसेनाशी होते आणि मान वळवू तिकडचं आभासी दृश्य दिसतं. खेळाची नायिका उद्ध्वस्त अंतराळस्थानकाच्या अवशेषांत एकटी तरंगते आहे. तिच्या पोशाखातून प्राणवायू गळतो आहे. श्वासाला प्राणवायू हवा आणि पुढे सरकायलाही त्याचाच झोत सोडायचा. म्हणजे हालचाल वाढली की आयुष्य घटतं!

समीक्षकांची मतं मात्र विभागली गेली. पृथ्वीचं दृश्य आणि तरंगण्याचा अनुभव यांचं कौतुक झालं. तीच ती दुरुस्तीची कामं पुन्हा पुन्हा करावी लागतात, अशी टीकाही झाली. तिसरी तक्रार होती मळमळीची. बसल्या जागी कुणाला का बरं मळमळावं?

आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि वळल्याची खबर मेंदूला मिळते. शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक असतात. सरळ रेषेतली गतिवाढ आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा त्यांच्यामुळे कळते. एरवी डोळे आणि कान एकच गोष्ट सांगतात. घाटातल्या एस.टी.त पुस्तक वाचताना कान म्हणतात ‘हलतोय’, पण पानावर खिळलेले डोळे म्हणतात ‘स्थिर आहे’. आभासी अंतराळात नेमकं उलट होतं. हा विसंवाद हेच मळमळीचं मुख्य कारण मानलं जातं.

याला पुरावा काय? १९५८ पासून सुमारे दहा वर्षं अमेरिकेत ११ बहिऱ्या पुरुषांवर प्रयोग झाले. त्यांपैकी दहा जणांना लहानपणी मेंदूज्वरामुळे बहिरेपण आलं होतं. त्यात अंतर्कर्णाची तोल सांभाळणारी यंत्रणाही निकामी झाली होती. एकदा खवळलेल्या समुद्रात संशोधक आजारी पडले, पण ही मंडळी मजेत पत्ते खेळत होती!

मग मळमळ झाली म्हणजे खेळ अगदी खराखुरा ठरला का? तसं नाही. खऱ्या अंतराळवीरांनाही पहिले दोन-तीन दिवस असा त्रास होतो. १९६१ साली गेरमान टिटॉव्हला तो झाला होता. पण तिथे स्फटिकांना वजनच जाणवत नाही. खुर्चीत बसलेल्या खेळाडूचे कान मात्र गुरुत्वाकर्षण सांगतच राहतात. विसंवाद दोन्हीकडे आहे, पण वेगळा. शिवाय अंतराळात शरीराला सवय व्हायला दिवस मिळतात. हा खेळ काही तासांतच संपतो.

म्हणजे ज्या तरंगण्याची स्तुती झाली, त्याच तरंगण्यातून तक्रारही उपजली. हालचालीच्या वेळी दृश्याच्या कडा झाकणं, नजरेसमोर एखादी स्थिर चौकट ठेवणं, असे उपाय आता आभासी खेळांत वापरले जातात.

वर्गात करून पाहा: पेलाभर पाण्यावर थोडा लाकडाचा भुसा टाका. पेला झटकन फिरवा. भुसा जागीच राहील. थोडा वेळ फिरवत राहून एकदम थांबवा; भुसा फिरतच राहील. आता मुलांना विचारा, गिरकी घेऊन थांबल्यावरही जग का फिरतं?