ऑक्सफर्ड-केंब्रिजचें दार आणि दोन प्रकारच्या शाळा

विलायतेंतील 'पब्लिक स्कूल' हें नांव ऐकून आमच्या पुष्कळ वाचकांची अशी समजूत होते कीं, ती सर्वांस मोफत खुली असलेली सरकारी शाळा असावी. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. ईटन, हॅरो, विंचेस्टर, रग्बी या तेथील नामांकित पब्लिक शाळा म्हणजे जबर फी घेणाऱ्या खासगी संस्था होत. मुलगा गांवचाच पाहिजे असा निर्बंध न ठेवतां, फी देऊं शकणाऱ्या कोठल्याहि मुलखांतील मुलास त्या घेत, म्हणून हें नांव पडलें. सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळेस तिकडे 'स्टेट स्कूल' म्हणतात. या दोन प्रकारच्या शाळांतील मुलांची ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील जागांसाठीं जी चढाओढ चालते, तिची हकीकत आम्ही येथें देत आहों. कारण गुणपत्रिकेवरील आंकड्याचें मोल कसें करावें हा प्रश्न आमच्या पालकांसहि परका नाहीं.

गंमत अशी कीं, यांतील जुन्यांत जुन्या शाळा मुळांत गरिबांसाठीं निघाल्या. विंचेस्टरचा बिशप विल्यम ऑफ वायकम यानें १३७९ सालीं ऑक्सफर्ड येथें न्यू कॉलेज स्थापिलें, आणि त्यास विद्यार्थी मिळावे म्हणून १३८२ सालीं विंचेस्टरची शाळा काढली. सहाव्या हेन्री राजानें १४४० मध्यें ईटन व १४४१ मध्यें केंब्रिजचें किंग्ज कॉलेज अशीच जोडी उभारली. ईटनांत सत्तर गरीब विद्यार्थ्यांस मोफत शिकविण्याची तरतूद होती. पुढें धनिकांचीं मुलें फी देऊन येऊं लागलीं, आणि गरिबांकरितां बांधलेली वाट हळूहळू श्रीमंतांचा राजरस्ता झाली. किंग्ज कॉलेजांत तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ईटनखेरीज दुसऱ्या शाळेच्या मुलास थाराच नव्हता. त्याच शतकाच्या अखेरीस, १८९९ सालीं, कोंकणांतील मुर्डी गांवचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत पहिल्या जागेचे वाटेकरी झाले. बुद्धि ही कांहीं ठराविक शाळांची मिरास नव्हे, हें तेव्हांच दिसून आलें होतें.

आतां हल्लींची पद्धत. ज्या मुलास या दोहोंपैकीं एका विद्यापीठांत जावयाचें असेल (एका वर्षीं दोन्हींकडे अर्ज करितां येत नाहीं) त्यानें आदल्या वर्षाच्या १५ ऑक्टोबरपर्यंत अर्ज धाडावा लागतो. त्याची 'ए लेव्हल' ही शेवटची परीक्षा पुढल्या उन्हाळ्यांत होते व निकाल ऑगस्टांत लागतो. म्हणजे प्रवेशाचा विचार होतो तेव्हां खरे गुण हातीं नसतातच! त्यांच्या जागीं असतो शिक्षकानें वर्तविलेला अंदाज आणि शिक्षकाचेंच पत्र. बऱ्याच विषयांत लेखी चाचणीहि असते. मग डिसेंबरांत मुलाखत.

हें वाचतांना आम्हां मास्तर मंडळींच्या मनांत धस्स होतें, तें उगाच नव्हे. मोठ्या फीच्या शाळेंत असलीं पत्रें दरवर्षीं शेंकड्यांनीं लिहिलीं जातात. कॉलेजला काय पाहिजे, कोणत्या विषयास कमी गर्दी असते, हें तेथील शिक्षकांस तोंडपाठ असतें. खाणकामगारांच्या एखाद्या जुन्या गांवांतील सरकारी शाळेच्या शिक्षकानें मात्र तसलें पत्र जन्मांत एकदांच लिहिलेलें असावयाचें. 'मुलगा कष्टाळू व सुशील आहे' एवढें लिहून तो बिचारा सही करितो, आणि मुलानें स्वतःच्या बुद्धीनें काय केलें तें सांगावयाचें राहूनच जातें. मुलाखतीचेंहि तसेंच. प्राध्यापकासमोर बसून आपलें मत मांडणें, चुकल्यास तें हंसतमुखानें बदलणें, ही संवय लहान वर्गांत वाढलेल्या मुलास आपोआप लागते. चाळीस वर्षांच्या अनोळखी विद्वानाशीं जो कधीं बोललाच नाहीं, त्याची जीभ टाळ्यास चिकटते.

परिणाम आंकड्यांत पाहावा. इंग्लंडांतील शंभरांपैकीं सुमारें ७ मुलें खासगी शाळांत शिकतात. सोळाव्या वर्षानंतरच्या वर्गांत हें प्रमाण सुमारें सहांत एक होतें. ऑक्सफर्डांत प्रवेश मिळालेल्या ब्रिटिश विद्यार्थ्यांत मात्र २०१३ सालीं सरकारी शाळांचे शंभरांत सुमारें ५७ च होते. अलीकडे ते दोनतृतीयांशाच्या आसपास आले आहेत. सटन ट्रस्ट या संस्थेनें २०१८ सालीं दाखविलें कीं, तीन वर्षांत अवघ्या आठ शाळांतून १,३१० मुलें या दोन विद्यापीठांत गेलीं, तर दुसऱ्या २,८९४ शाळा मिळून १,२२०. त्या आठांतहि सर्वच खासगी नव्हत्या, हें ध्यानांत ठेवावें. सरकारी म्हटली म्हणजे शाळा दरिद्रीच असते, असें नाहीं.

म्हणून आतां अर्ज वाचतांना मुलाची शाळा, वस्ती व घरची स्थिति हींहि पाहतात. ब्रिस्टलसारखीं विद्यापीठें अशा मुलास गुणांची अट दोन श्रेणींपर्यंत शिथिल करितात. यावर फी भरणाऱ्या बापाचा सवाल असतो: आम्हीं पोटास चिमटा घेऊन मुलास शिकविलें, हा त्याचा अपराध कीं काय? या गाऱ्हाण्यास आम्ही हंसणार नाहीं. कर्ज काढून फी भरणारा बाप तेथेंहि आहे, आणि त्याच्या मुलानें रात्रीं जागून केलेला अभ्यास खराच असतो. परंतु उच्च शिक्षणास पैसा पुरविणाऱ्या तेथील सरकारी मंडळानें २०१४ सालीं इंग्लंडभरच्या पदवीधरांची पाहणी केली. तींत सारख्याच गुणांनीं आंत आलेल्यांपैकीं सरकारी शाळांचीं मुलें पदवीस सर्वसाधारणपणें सरस ठरलीं. शिकवणीचा आधार सुटल्यावर कोण किती चालतो, तें येथें कळतें. आमच्या मतें बापाच्या सवालास यापेक्षां सरळ उत्तर नाहीं. मात्र निव्वळ शाळेच्या पाटीवरून निवाडा करणें चुकीचेंच. केंब्रिजनेंहि सरकारी शाळांच्या मुलांचें ठराविक प्रमाण गांठण्याचें आपलें लक्ष्य २०२४ मध्यें सोडून दिलें.

ऑक्सफर्डनें निराळी तोड काढली. प्रतिकूल स्थितींत शिकलेल्या सरकारी शाळांच्या मुलांकरितां २०२३ पासून तेथें एका वर्षाचा पायाभूत वर्ग चालतो. नेहमींपेक्षां पुष्कळ कमी श्रेणींवर त्यांस घेतात, शिक्षणाचा व राहण्याजेवण्याचा खर्च विद्यापीठ सोसतें, आणि वर्षाअखेर जे उतरतात ते इतरांबरोबर पदवीच्या पहिल्या वर्षांत जाऊन बसतात.