फ्लेक्सी टायमिंग आहे, मग ओव्हरटाइम कुठाय?

हिंजवडीत पहिली नोकरी लागली तेव्हा 'फ्लेक्सी टायमिंग' ऐकून मी जाम खूश होतो. अकराला पोचलं तरी कोणी विचारत नाही! पण अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल रात्री साडेनऊला. म्हणजे यायची वेळ माझी, सुटायची वेळ क्लायंटची. आणि टाइमशीटमध्ये रोज आठच तास भरायचे, कारण बिलिंग तेवढंच.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा फक्त किराणा दुकानांसाठी नाही, आयटी कंपन्यांनाही लागू होतो. मूळ कायद्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, त्यावर काम झालं तर दुप्पट दराने पैसे. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ९ चे १० करायला मंजुरी दिली, आठवड्याचे ४८ मात्र तेच.

खरी गोम पुढे आहे. मॅनेजर, सुपरवायझर लोकांना हे तास लागू नाहीत. कोड लिहिणं तांत्रिक कामात मोडतं, पण ऑफर लेटरवर 'लीड' आलं की वाद सुरू. खरं तर नुसतं पदाचं नाव पुरत नाही, प्रत्यक्षात काय काम करता तेही बघतात. म्हणून लॉगिनच्या वेळा, रात्रीच्या कॉलची निमंत्रणं यांची नोंद स्वतःकडे ठेवा.

मी ठेवली नव्हती. नोकरी सोडताना एचआरकडे जादा तासांचा विषय काढला, तर त्यांनी माझीच टाइमशीट उघडून दाखवली. रोज आठ तास, सबमिट केलेले मीच.