काचेचा धागा (भाग ७) : नकाशात लूप दिसला पाहिजे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. खांबावरून ओढलेली इंटरनेटची फायबर केबल खांबाबरोबरच जाते. ती कुठून कुठे जात होती हे एकाच लाइनमनच्या डोक्यात असेल, तर जोडणी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसते. म्हणून नोंदी हव्यात, आणि त्यासाठी योग्य सॉफ्टवेअर.

गेल्या आठवड्यात ओटीडीआर पाहिला, म्हणजे धाग्यात प्रकाश सोडून कट किती लांब आहे ते सांगणारं यंत्र. नोंदी नसतील तर त्याचा आकडाही फसवतो. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारी एक केबल समजा. यंत्र सांगतं, कट ९,४०० मीटरवर. रस्त्याने तेवढं मोजून नागावात खणलं, तर केबल शाबूत निघते! कारण वाटेत ८ ठिकाणी वीस-वीस मीटर जादा केबलचा लूप गुंडाळून ठेवलेला आहे. १६० मीटर तिथेच संपले. शिवाय केबलच्या आतल्या ट्यूबमधला काचेचा धागा केबलपेक्षा किंचित लांब असतो. खरा कट दीड-दोनशे मीटर अलीकडे, एखाद्या वाडीच्या कुंपणापाशी आहे. हा हिशेब जे सॉफ्टवेअर स्वतः करतं, तेच कामाचं.

गूगल अर्थवर केबलच्या मार्गाची रेघ छान उमटते. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, खुलं आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. लहान केबलचालकाने सुरुवात तिथूनच करावी. पण निळ्या ट्यूबमधला नारिंगी धागा पुढच्या केबलच्या हिरव्या धाग्याला जोडलाय, तिथून एकास आठ स्प्लिटर आणि त्यावर आठ घरं, हे रेघेत मावत नाही. क्यूजीआयएसमध्ये त्यासाठी तक्ते आपण बांधायचे. फायबरसाठीच्या खास सॉफ्टवेअरमध्ये ते तयार मिळतात, पैसे मोजून.

सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याचा तयार नमुना बघू नका. आपल्या लाइनवरचा सगळ्यात गुंतागुंतीचा जॉइंट बॉक्स उघडा, एकेक स्प्लाइस, म्हणजे धाग्याला धागा जोडलेली जागा, कागदावर उतरवा आणि तो त्याला समोर बसून भरायला लावा. मग विचारा, ‘ही ट्यूब तुटली तर कोणाकोणाचं नेट जाईल?’ उत्तर मिनिटभरात यायला हवं. मुरूडमागच्या डोंगरात रेंज नसताना फोनवर नोंद होते का, तेही बघा. आणि उद्या वर्गणी थांबवली तर जोडण्यांसकट नोंदी हातात मिळतील का? गूगल अर्थच्या केएमएल फाइलमध्ये रेघा येतात, स्प्लाइसचं जाळं मागेच राहतं. बरेच जण इथे फसतात.

नकाशा अचूक हवा याचं आणखी एक कारण : मार्च २०२३ पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅप आहे. खणणाऱ्याने त्यावर जागा कळवली की तिथल्या केबलमालकांना सूचना जाते. आपला मार्गच नकाशात पन्नास मीटर चुकलेला असेल, तर त्या सूचनेचा काय उपयोग?

कट जोडताना मध्ये नवा तुकडा घातला, की दोन जॉइंट वाढतात आणि त्यापुढचे सगळे आकडे सरकतात. जॉइंट बॉक्समधल्या ट्रेचा फोटो आणि नवी लांबी खड्डा बुजवायच्या आधीच भरा. पुढच्या आठवड्यात स्प्लिटर.